आप्पाचा विमानतळ

पालघर जिल्ह्यात एक जुना विमानतळ आहे, ही बातमी आमच्या घरात प्राजक्ताने आणली. प्राजक्ता म्हणजे माझ्या मेहुण्याची मुलगी. गेल्या वर्षी ती बोईसरच्या एका औषध कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. एका रविवारी तिचा फोन आला आणि बोलता बोलता तिने सांगितलं, की समुद्राकडे जाणाऱ्या शेअर रिक्षांचा तिथे एक थांबा आहे आणि त्याला सगळे ‘आप्पाचा विमानतळ’ म्हणतात. विमानाचा पत्ता नाही, लांबच लांब माळ आहे आणि त्यावर मासे वाळत घातलेले असतात. हा आप्पा कोण, असं तिने रिक्षावाल्याला विचारलं होतं. तो बिहारचा. “कोई तलाठी था, बहुत पहले,” यापलीकडे त्याला काही ठाऊक नव्हतं.

फोन स्पीकरवर होता. माझी बायको सुनंदा भाकऱ्या करत होती. तव्यावरची भाकरी करपली आणि तिला वास आला नाही.

सुनंदाचे वडील तलाठी होते. नोकरी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, त्याच किनाऱ्यावर. गावातले लोक तलाठ्याला आप्पा म्हणतात तसं त्यांना म्हणत आणि पुढे घरातही तेच नाव पडलं. सुनंदा चार वर्षांची असताना ते तिकडेच वारले. माझ्या सासूबाई तेव्हा दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी, सोलापूरकडे आल्या होत्या. पावसाने वाटा तुटलेल्या, त्यामुळे निरोपच इतका उशिरा पोचला की जाऊन उपयोग नव्हता. महिनाभराने मुलगा झाला. तो प्राजक्ताचा बाप.

सासूबाई या विषयावर बोलत नसत. आमचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मी सोलापूरच्या विमानतळावर आग विझवणाऱ्या पथकात होतो. तिथे विमानं कमी आणि आगी त्याहून कमी, त्यामुळे नोकरी निवांत होती. मध्यस्थाने “मुलगा विमानतळावर असतो” असं सांगताच सासूबाई पाटावरून उठल्या आणि आत निघून गेल्या. आम्हाला वाटलं, स्थळ मोडलं. सुनंदाच्या मामांनी बरीच समजूत घातली तेव्हा कुठे होकार आला. कारण मला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी कळलं, तेही एका वाक्यात. “विमान आलं होतं,” सुनंदा म्हणाली, “आणि दुसऱ्यांना घेऊन गेलं. आप्पांना त्या लोकांनी तिथेच ठेवलं.”

सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. त्या होत्या तोवर त्या किनाऱ्याचं नाव घरात निघत नसे. प्राजक्ताने बोईसरची नोकरी धरली तीही त्यांच्यानंतरच. दिवाळी झाल्यावर सुनंदाने बॅग भरली आणि मला म्हणाली, “चला, प्राजूकडे जाऊन येऊ.” विमानतळाचं नाव तिने काढलं नाही. मीही काढलं नाही.

मनोर, पालघर

रात्रीच्या बसने आम्हाला सकाळी मनोरला, अहमदाबादच्या हमरस्त्यावर उतरवलं. उतरताना सुनंदाच्या चपलेचा अंगठा तुटला. मनोर बाजाराचं गाव आहे, पण सकाळी उघडं दुकान एकच होतं आणि त्यात बायकांच्या मापाचं काही नव्हतं. शेवटी तिने पुरुषी रबरी स्लीपर घेतली, निळ्या पट्ट्यांची, आणि पुढचा सगळा प्रवास त्यातच केला. काठपदराच्या साडीखाली ती स्लीपर दिसली की प्राजक्ताला हसू यायचं.

बाजाराच्या तोंडाशी डोंगराकडच्या बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. एकीकडे उकडलेले करांदे होते. हा आमच्याकडे न मिळणारा कंद. चवीला बटाट्यासारखा, पण मागे किंचित कडू. बाईने सोलून मीठ लावून दिला. सुनंदाने एक खाल्ला, मग पानभर घेतले. त्या बाईने विचारलं, कुठून आलात. सोलापूर म्हटल्यावर ती म्हणाली, तिचा मुलगा वीटभट्टीच्या कामावर बरंच लांब गेला आहे, पण इतक्या लांब नसेल. आमच्याकडून लोक उसाच्या तोडीला जातात, इथून वीटभट्टीला.

पालघरला आम्ही जेवणापुरते थांबलो. जिल्ह्याचं गाव झाल्यापासून तिथे मोठमोठ्या सरकारी इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांच्यामागे अजून भाताची खाचरं आहेत. खानावळीत शाकाहारी काय, असं विचारल्यावर मालकाने उकडहंडी आहे म्हणून सांगितलं. कंद, शेंगा, वांगी, रताळी, सगळं मडक्यात घालून वाफेवर शिजवलेलं. आमच्याकडे भाजी म्हणजे आधी तेल आणि मग तिखट. इथे तेल शोधावं लागलं. सुनंदाचं माहेर माळकरी, त्यामुळे मासळीच्या मुलखात तिचं कसं होणार ही मला काळजी होती. ती पहिल्या दिवसापुरती मिटली.

बोईसर

बोईसरला उतरलं की आधी वास येतो. औषधाचा म्हणावा तर औषधाचा, रंगाचा म्हणावा तर रंगाचा. प्राजक्ता म्हणाली, तिला आता तो येतच नाही. खोलीच्या खिडकीतून कारखान्यांच्या चिमण्या दिसतात आणि पाळी सुटली की खालचा रस्ता माणसांनी भरून जातो. त्या रस्त्यावर मराठी क्वचित कानावर पडतं. मी दुकानात मराठीत साबण मागितला, दुकानदाराने हिंदीत दिला, आणि आमचं काही अडलं नाही.

संध्याकाळी प्राजक्ताने सुनंदाला सरळच विचारलं, की आजोबांचा तो विमानतळ बघायचा आहे ना. सुनंदा म्हणाली, “बघायचा आहे. पण कुणाला ओळख सांगायची नाही. आपण आलो, बघितलं, निघालो.” मी हो म्हटलं.

सकाळी प्राजक्ता कामावर गेली आणि आम्ही दोघं शेअर रिक्षात बसलो. मी “विमानतळ” म्हणालो, तर रिक्षावाल्याने आमच्या बॅगेकडे बघून, मुंबईला जायचं असेल तर स्टेशनवर जा, असं हिंदीत समजावलं. मागे बसलेल्या कोळिणीने त्याला गप्प केलं. “आप्पाचा,” ती म्हणाली. मग तो निघाला. पाम गावाच्या पुढे कारखाने मागे पडतात, ताडाची झाडं सुरू होतात, आणि वाऱ्याला मिठाची चव येते. आम्ही जिथे उतरलो त्या गावाचं नाव मी देत नाही. गावातल्याच एका बाईने तसं बजावलं आहे. नाव छापलं तर लोक सहली घेऊन येतील, असं तिचं म्हणणं.

पट्टीवर

महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी ही धावपट्टी बांधली, असं गावात सांगतात. युद्ध संपलं, इंग्रज गेले, पट्टी तशीच पडून राहिली. मी नोकरीत बऱ्याच धावपट्ट्या बघितल्या, तरी ही मला आवडली. मुरमाचा भराव, वर कुठे कुठे डांबराचे काळे तुकडे, दोन्ही अंगांना पाणी जायला उतार. दिशा बरोबर धरलेली. समुद्रावरचा वारा नाकासमोर येतो. ज्याने कुणी आखली त्याला काम कळत होतं.

सध्या तिच्यावर बोंबील राहतात. बांबूंचे मांडव घातलेले, त्यांवर दोऱ्या, आणि दोऱ्यांवर जबडे एकमेकांत अडकवून लटकवलेल्या बोंबलांच्या जोड्या. जवळा खाली चटयांवर पसरलेला. बायका अनवाणी फिरून तो पायाने परततात, आमच्याकडे खळ्यात ज्वारीला पाय देतात तसा. वासाबद्दल मी काही लिहीत नाही. सुनंदाने पदर नाकाला लावला आणि थोड्या वेळाने काढला.

आम्ही पट्टीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेलो. अर्ध्या वाटेवर मांडवाच्या सावलीत एक म्हातारी बाई जाळीतून मासळी निवडत बसली होती. तिने सुनंदाच्या स्लीपरकडे बघितलं, मग तोंडाकडे बघितलं, आणि बघतच राहिली. विचारलं, कुठून आलात. मी सोलापूर म्हणालो. ठरल्याप्रमाणे एवढंच सांगितलं.

त्या बाईने हातातली मासळी खाली ठेवली. “तू आप्पाची पोर,” ती म्हणाली.

सुनंदाने नाही म्हटलं नाही.

त्या बाईचं नाव पार्वतीबाय. सत्तरीच्या पुढची, काटक, आवाज मोठा. तिने लगेच कुणाला हाक मारली नाही की रडारड केली नाही. हात धुतले, उठली आणि आम्हाला घेऊन घराकडे निघाली. वाटेत म्हणाली, “कपाळ त्याचंच हाय. आणि चालतेस पन तशी, फेंगडी.” मी इतकी वर्षं ती चाल बघतो आहे, तिला कुणी नाव दिलेलं पहिल्यांदा ऐकलं.

पार्वतीबायचं घर पट्टीच्या कडेलाच आहे. ओटीवर तिचे यजमान गोविंददादा जाळं शिवत होते. त्यांना कमी ऐकू येतं. पार्वतीबायने त्यांच्या कानाशी वाकून काही सांगितलं, तेव्हा त्यांनी सुई जाळ्यात खोचली, आम्हाला बसायला चटई दिली आणि स्वतः खांबाला टेकून बसले.

जेवायला थांबावंच लागलं. सुनंदासाठी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी केली. मला तळलेला बोंबील. तो काट्यासकट खाता येतो असं मला सांगितलं होतं म्हणून त्यानंतर आलेला दुसराही मासा मी तसाच खायला गेलो आणि काटा घशात अडकला. पार्वतीबायने भाताचा मोठा घास न चावता गिळायला लावला. काटा गेला, पण पुढे मी आमटीभातच खाल्ला.

“आप्पाला कधी काटा लागला नाय,” पार्वतीबाय म्हणाली. “बोंबलावर लय जीव त्याचा.”

सुनंदा म्हणाली, काहीतरी चूक होते आहे. आप्पा माळकरी होते. पार्वतीबायने मान हलवली. तिच्या सासूने तिला सांगितलं होतं आणि नवी नवरी म्हणून आल्यावर तिने स्वतः बघितलंही होतं. आप्पा ओटीवर यायचे, गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवायचे, जेवायचे, हात धुवायचे आणि माळ परत घालायचे. एकदा माळ तशीच राहिली, तर घरापर्यंत गेलेले सायकलवरून परत आले. सुनंदा आधी गंभीर राहिली आणि मग हसली. वडिलांबद्दलच्या बोलण्यावर ती हसलेली मी पाहिली नव्हती.

त्यानंतर पार्वतीबायने आपण होऊन ती गोष्ट काढली.

भादव्यात मोठं वादळ झालं. खाडीवरचा पूल गेला, गावं तुटली. विहिरींत खारं आणि घाण पाणी शिरलं आणि हगवणीची साथ आली. किनाऱ्यावर माणसं आजारी, तशीच आत डोंगरपायथ्यालाही. औषध कुठून येणार? आप्पांनी एका नाखव्याला खाडी ओलांडून तालुक्याला पाठवलं, आणि तिकडून निरोप आला की पट्टी मोकळी असेल तर सरकार लहान विमान पाठवेल. तेव्हा पट्टीवर झुडपं माजली होती आणि वादळातून वाचवून ओढून आणलेल्या होड्या तिच्यावर होत्या. आप्पा सायकल घेऊन घरोघर फिरले. सायकल जाईना तिथे चालत डोंगरपायथ्याच्या पाड्यांवर गेले. कोळी आले, शेतकरी आले, वारली आले. झुडपं तोडली, दगड वेचले, होड्या बाजूला घेतल्या. विमान उतरलं. औषधाची खोकी निघाली आणि परत जाताना दोन आजारी माणसं न्यायची असं वैमानिक म्हणाला.

“त्यातली एक मी,” पार्वतीबाय म्हणाली.

सुनंदाच्या हातात पाण्याचा पेला होता, तो तिने खाली ठेवला.

मला वाटतं, सगळ्या प्रवासात मला भीती वाटली ती तेव्हाच. आईकडून आलेला राग सुनंदाने आयुष्यभर सांभाळला होता आणि ज्यांच्यावर तो होता त्यांतली एक समोर बसून तिला जेवायला वाढत होती.

सुनंदाने अगदी हळू विचारलं, “आप्पा तेव्हा आजारी होते का?”

“नाय गं बाय,” पार्वतीबाय म्हणाली. “धडधाकट होता. त्यानेच मला उचलून आत ठेवला. माझ्या अंगात काय होता तेव्हा, मूठभर हाडं. बोलला, घाबरू नको, मी पन कधी बसलो नाय यात.”

पुढचं तिला माहीत नव्हतं, कारण ती मुंबईच्या इस्पितळात होती. महिन्याने परतली तेव्हा आप्पा नव्हते. “याला विचार,” तिने नवऱ्याकडे बोट केलं. “हा होता.”

गोविंददादांनी ओटीवर सांगायला नकार दिला. काठी घेतली आणि आम्हाला परत पट्टीवर घेऊन गेले.

ते हळू बोलतात आणि मध्ये बराच वेळ थांबतात. त्यांनी सांगितलं ते असं. विमान गेल्यावर दोन-तीन दिवसांत साथ ओसरू लागली आणि तेव्हाच आप्पा पडले. पाड्यांवर औषध वाटत फिरताना तिथलंच पाणी प्यायले असावेत. पुन्हा होडी तालुक्याला गेली. पुन्हा विमान पाठवतो असा निरोप आला. पण पाऊस परत लागला होता आणि पट्टीचा चिखल झाला होता. मग लोकांनी पट्टी झाकायला घेतली. घरातल्या चटया आणल्या, होड्यांची शिडं आणली, गुरांसाठी ठेवलेला पेंढा आणला. पाड्यांवरच्या लोकांकडे चटया नव्हत्या, शिडं तर नव्हतीच. त्यांनी आपल्या झोपड्यांच्या कारवीच्या काठ्यांच्या भिंती सोडवल्या आणि डोक्यावरून वाहून आणल्या. भर पावसात, घरं उघडी टाकून. त्या भिंती त्यांनी इथपासून तिथपर्यंत, असं म्हणून गोविंददादांनी काठी फिरवली, एकीला एक लावून अंथरल्या.

आप्पांना बाजेवर घालून पट्टीच्या कडेला आणलं आणि वर शीड धरलं. सकाळी विमान आलं. आवाज आला, दिसलं मात्र नाही. ढगांच्या वर फिरत राहिलं, एकदा जवळ आल्यासारखं वाटलं, मग पुन्हा लांब गेलं. सगळं गाव वर तोंड करून उभं होतं. मग आवाज दक्षिणेकडे गेला आणि बंद झाला.

“आप्पाने विचारला, गेला काय,” गोविंददादा म्हणाले. “मी बोललो, तेल भरून येतो.”

आप्पा दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गेले. पेंढा आणि भिंती कितीतरी दिवस तशाच पडून होत्या, कुणी उचलायला धजेना. त्याच वेळेपासून लोक या जागेला आप्पाचा विमानतळ म्हणायला लागले. मी समजत होतो की तलाठ्याने विमान आणलं म्हणून त्याचं नाव पडलं असेल. ते तसं नव्हतं. लोकांनी त्यांच्यासाठी तो केला होता, म्हणून तो त्यांचा.

सुनंदा लांब बघत उभी होती. माझ्याकडे न वळता तिने विचारलं, “उतरू शकलं असतं?”

गोविंददादांनी तिचा प्रश्न ऐकला की तोंडावरून ओळखला, ठाऊक नाही. पण त्यांनी मला विचारलं, मी काय काम करायचो. मी सांगितलं. तेव्हा ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “मग तुला कळेल. आमचा कुठं चुकला? पेंढा त्या टोकाला पुरला नव्हता. मी तवापासून बोलतो, त्या टोकाला पुरला असता तर उतरला असता.”

मी चालत त्या टोकापर्यंत गेलो. खरं म्हणजे मला जायची गरज नव्हती. उत्तर ठाऊक होतं. चिखलावर पेंढा आणि कारवी घातली तर विमानाचं चाक त्यात रुततं. उतरलं असतं तर नाकावर आदळलं असतं आणि वैमानिकही गेला असता. पण वैमानिकाला पट्टी दिसलीच नव्हती, हेही तितकंच खरं होतं. ढग इतके खाली असताना कुठलाही शहाणा माणूस विमान खाली आणत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि मला त्यांतली एकच सांगायची होती.

परत येऊन मी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणालो, “दादा, ढग खाली होते. वैमानिकाला पट्टी दिसली नाही. तुम्ही सबंध पट्टी झाकली असती तरी तो उतरला नसता. तुमचं काही चुकलं नाही.”

“पट्टी बरोबर होती?”

“पट्टी बरोबर होती.”

त्यांनी मान हलवली. मग बराच वेळ ते काठीने मुरमावर उगाच रेघा ओढत राहिले. बांबूच्या मांडवाखालून एक कुत्रं बोंबील पळवून नेत होतं, त्याच्यावर ते एकदम ओरडले, आणि आम्ही तिघंही त्या निमित्ताने हललो.

घराकडे परतताना ते पुढे होते. सुनंदा मला हळूच म्हणाली, “पेंढ्यावर उतरलं असतं का?” मी नाही म्हणालो. “त्यांना सांगू नका,” ती म्हणाली. मी म्हणालो, नाहीच सांगितलं.

निघताना

दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं होतं. सकाळी सुनंदा एकटीच गावात गेली. प्राजक्ताला सुट्टी होती, तिला घेऊन मी मागून पोचलो तेव्हा ती पार्वतीबायजवळ बसून सुके बोंबील निवडत होती आणि त्या दोघी कुठल्यातरी तिसऱ्याच बाईच्या सुनेबद्दल बोलत होत्या. प्राजक्ताला बघून पार्वतीबायने तिची हनुवटी धरली, कपाळ बघितलं आणि हिच्यात काही उतरलं नाही असा निकाल दिला. मग बजावलं, की आता दर रविवारी जेवायला यायचं. प्राजक्ताने येईन म्हटलं. ती मासे खाते. आमच्या घरातली तेवढी पिढी खाते.

निघण्याआधी सुनंदाने गोविंददादांना विचारलं, आप्पांना कुठे नेलं होतं. ते आम्हाला समुद्राकडे घेऊन गेले. सुरूच्या झाडांपलीकडे, वाळू संपून खडक सुरू होतात तिथे गावाची स्मशानभूमी आहे. आता पत्र्याची शेड आहे, तेव्हा काही नव्हतं. पावसात लाकूड सुकं मिळेना, म्हणून एका मोडलेल्या होडीच्या फळ्या वापरल्या होत्या, असं त्यांनी सांगितलं. तेल प्यालेलं लाकूड, ते पेटलं.

सुनंदाने विचारलं, “अग्नी कुणी दिला?”

“मी दिला,” गोविंददादा म्हणाले.

ते सांगताना आढेवेढे घेत नव्हते, पण त्यांना ते सांगायची सवय नव्हती. त्यांचा स्वतःचा बाप तेव्हा जिवंत होता. बाप असताना डोक्याचे केस काढायचे नसतात, म्हणून घरात भांडण झालं; आई जेवली नाही. पण आप्पांचं माणूस कुणी नव्हतं आणि ज्याच्या बायकोला त्यांनी विमानात ठेवलं होतं तो हाच. गावाने त्याच्याकडे बघितलं आणि तो पुढे झाला. दहा दिवसही त्यांनीच केले.

वारा जोरात होता. प्राजक्ता माझ्यामागे उभी होती आणि तिने माझी बाही धरली होती.

“एवढी वर्सं कोण आला नाय,” गोविंददादा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती.

“आई होती तोवर येता येत नव्हतं,” सुनंदा म्हणाली. “तिचा तुमच्यावर राग होता.”

त्यांनी ते तिला पुन्हा सांगायला लावलं, कारण नीट ऐकू आलं नव्हतं. तिने पुन्हा, मोठ्याने सांगितलं.

“तिचा बरोबर होता,” ते म्हणाले. “आमी तिचा मानूस तिला परत दिला नाय.”

सुनंदाने डोक्यावर पदर घेतला, स्लीपर काढून वाळूवर ठेवली, आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.